कुठलं बटण परत फिरतं? डॅशबोर्डविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात, वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीवर नव्याने लिहू लागलेल्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात असं म्हटलं होतं. आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने आहेच: ‘काही बिघडेल म्हणून पुढे कशाला हात लावला नाही.’ मी अकरा वर्षं एका छोट्या त्रैमासिकाची साइट सांभाळते आहे. नव्या लेखकांच्या शेजारी बसून त्यांना डॅशबोर्ड, म्हणजे साइटचं आतलं कामाचं पान, दाखवणं हा त्या कामाचाच भाग. ही भीती मी रोज पाहते आणि तिने किती लेख मसुद्यातच अडकून राहतात तेही पाहते. म्हणून या वेळी शक्य तिथे एक गोष्ट आवर्जून सांगणार आहे: अमुक केलं, तर मागे येता येतं की नाही.

मेनूंची नावं इंग्रजीच ठेवली आहेत, कारण मदत शोधायला गेलात की तीच नावं भेटतात.

ताई, मुलाने साइट उभी करून दिली, पासवर्ड लिहून दिला आणि तो आपल्या कामाला लागला. आत गेले तर डावीकडे लांबलचक काळी पट्टी, मधे चौकटीच चौकटी, वर कसल्या कसल्या सूचना. यातलं मला रोज लागणारं किती? आणि सुरुवात कुठून करू?
— एक निवृत्त शिक्षिका

आधी दार लक्षात ठेवा. तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं की लॉगिनचं पान येतं. हा पत्ता ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. साइट दिसते पण आत कुठून जायचं ते आठवत नाही, हा फोन मला सर्वांत जास्त वेळा येतो.

आत गेल्यावर मधे ज्या चौकटी दिसतात त्या फक्त माहिती देणाऱ्या आहेत. किती लेख झाले, अलीकडे काय प्रकाशित झालं, साइटची तब्येत कशी आहे, वर्डप्रेसच्या जगातल्या बातम्या काय. त्या वाचल्या नाहीत म्हणून काही अडत नाही. उजव्या कोपऱ्यात वर ‘स्क्रीन ऑप्शन्स’ आहे. ते उघडून नको त्या चौकटींपुढची खूण काढली की त्या दिसेनाशा होतात. खूण परत केली की परत येतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून हे करून घेते. नको ते नजरेआड झालं की उरलेलं आपोआप ओळखीचं वाटू लागतं.

डावीकडच्या पट्टीत तुम्हाला रोज लागणारे दोनच: लेखांसाठी ‘पोस्ट्स’ आणि फोटोंसाठी ‘मीडिया’. ‘पेजेस’ महिन्यातून एखाद्या वेळी. बाकीचे ‘अपिअरन्स’, ‘प्लगिन्स’, ‘टूल्स’ तिथेच असू द्यात.

लेखनाला बसण्याआधी मात्र अर्धा तास काढून तीन गोष्टी कराच. ‘यूझर्स’खालचं ‘प्रोफाइल’ उघडा. लेखाखाली जे नाव छापून येतं ते इथे ठरतं. लॉगिनचं नाव नंतर बदलता येत नाही, पण लोकांना दिसणारं नाव हवं तेव्हा बदलता येतं. तिथेच ‘लँग्वेज’मध्ये मराठी निवडलीत की फक्त तुमच्यापुरता डॅशबोर्ड मराठीत दिसेल, ही सोय २०१६ साली आलेल्या ४.७ आवृत्तीपासून आहे. मुलाला इंग्रजी हवा असेल तर त्याचा इंग्रजीच राहील. मग ‘सेटिंग्ज’मधलं ‘जनरल’ उघडा, साइटचं नाव आणि त्याखालची ओळ तपासा. ‘टाइमझोन’मध्ये आपल्या घड्याळाशी जुळणारं शहर निवडा. आणि शेवटी ‘पोस्ट्स’मध्ये जाऊन ‘हॅलो वर्ल्ड’ नावाचा नमुना लेख ट्रॅशमध्ये टाका. तो वर्डप्रेसने स्वतःच ठेवलेला असतो. तुमच्या हातून काहीतरी काढून टाकण्याची ही पहिली वेळ असेल. मग ‘ट्रॅश’ उघडून तो परत आणून पाहा आणि पुन्हा टाका. एवढं एकदा केलंत की हात मोकळा होतो.

नवा लेख लिहायला घेतला की डावीकडचा सगळा मेनू नाहीसा होतो. मी तीन वेळा ब्राउझर बंद करून पुन्हा लॉगिन केलं.
— विज्ञानकथा लिहिणारा एक महाविद्यालयीन वाचक

मेनू गेलेला नाही, झाकला गेला आहे. २०२० च्या ५.४ आवृत्तीपासून लेख लिहिण्याचं पान पूर्ण पडदा व्यापूनच उघडतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं की तुम्ही लेखांच्या यादीत परत येता. मेनू कायम दिसायला हवा असेल तर उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, तिथे ‘फुलस्क्रीन मोड’ची खूण काढा. आणि असा ब्राउझर बंद झालाच, तरी लिहिलेलं बहुधा सुरक्षित असतं: वर्डप्रेस साधारण दर मिनिटाला स्वतःहून जतन करत असतो.

लेखाचं शीर्षक मराठीत देते. पण दुवा मैत्रिणीला पाठवला की टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं यांची भली मोठी माळ जाते. ती म्हणाली, मला वाटलं व्हायरस आहे, मी उघडलंच नाही. माझं काही चुकतंय का?
— कवितांवर लिहिणारी एक वाचक

तुमचं काहीही चुकत नाही. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं, आणि सुरुवातीलाच कुणी सांगत नाही याची मला फार खंत वाटते. म्हणून हे जरा सविस्तर.

लेखाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा, ज्याला ‘स्लग’ म्हणतात, तो वर्डप्रेस शीर्षकावरून स्वतः बनवतो. वेब-पत्त्यात मुळात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालतात. देवनागरी अक्षर तिथे न्यायचं तर त्याचं सांकेतिक रूप करावं लागतं. ‘मराठी’ हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीने अक्षरं तीन; संगणकाच्या हिशेबात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी चिन्हं ५. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ जागा खातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा, आणि ‘मराठी’ या शब्दाला ४५. ब्राउझरच्या पट्टीत तो शब्द मराठीतच दिसतो, म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही. दुवा कॉपी केला की खरं रूप बाहेर येतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. स्लगसाठी वर्डप्रेस २०० जागाच राखतो. ९ ने भागलंत तर साधारण २२ चिन्हं. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरातला हलन्त धरून २२! आपली शीर्षकं चार-पाच शब्दांची असली की स्लग मधेच कुठेतरी तुटतो. आमच्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांमध्ये असे अर्धवट पत्ते पडून आहेत. दोन लेखांची सुरुवात सारखी असेल तर दुसऱ्याच्या शेवटी नुसता आकडा चिकटतो आणि कुठला दुवा कुठल्या लेखाचा ते आम्हालाही ओळखू येत नाही.

उपाय सोपा आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, त्यात काहीही बदलू नका. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत ‘पोस्ट’ या भागात लेखाचा दुवा दिसतो, त्यावर क्लिक करून स्लग रोमन लिपीत स्वतः लिहा. दोन-तीन शब्द पुरेत, मधे जोडरेघ. तुमचा मराठी शब्दच रोमन अक्षरांत लिहा, त्याचं इंग्रजी भाषांतर करण्याची गरज नाही. लेख प्रकाशित झाल्यावर स्लग बदललात तरी वर्डप्रेस जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्याकडे पाठवतो, तेव्हा जुने लेखही निवांत दुरुस्त करा.

‘सेटिंग्ज’मधल्या ‘पर्मालिंक्स’मध्ये सगळ्या साइटच्या पत्त्यांची घडण ठरते. तिथे ‘पोस्ट नेम’ निवडा, म्हणजे पत्त्यात तारखा येणार नाहीत. पण ही निवड साइटवर पाच-दहा लेख असतानाच करा. शेकडो लेखांचे दुवे लोकांकडे गेल्यावर ही घडण बदलणं म्हणजे सगळ्यांच्या घरांची दारं एकाच रात्री हलवणं.

पोस्ट आणि पेज यात फरक काय? दोन्हीकडे लिहिता येतं, दोन्ही साइटवर दिसतं.
— एक वाचक

लेखाला तारीख असते, पेजला ती महत्त्वाची नसते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ‘बी२’ नावाच्या जुन्या प्रणालीचा कोड पुढे नेऊन ती तयार केली, आणि तेव्हा त्यात फक्त तारीखवार नोंदीच होत्या. पेजेस २००५ साली १.५ आवृत्तीत आली. तो वारसा अजून दिसतो: पोस्ट नव्याखाली जुनी अशी रांगेत लागते, तिला वर्ग आणि टॅग मिळतात, पेज त्या रांगेत येत नाही. तुमची ओळख, संपर्क, पुस्तकांची यादी हे पेजवर. बाकी सगळं लेखन पोस्टमध्ये.

वर्गांविषयी माझं ठाम मत सांगते. सुरुवातीला चारांहून जास्त वर्ग करू नका. दहा लेखांना बारा वर्ग असलेल्या साइट मी पाहिल्या आहेत, वाचक एकेका वर्गात शिरतो आणि एकुलता एक लेख पाहून परत फिरतो. वर्ग न निवडता लेख प्रकाशित केला तर तो ‘अनकॅटेगराइज्ड’मध्ये जातो. तो मूळ वर्ग आहे तोवर पुसता येत नाही, पण त्याचं नाव बदलता येतं. त्याला ‘स्फुट’ किंवा तुम्हाला आवडेल ते नाव देऊन टाका.

मला खरी भीती पुसलं जाण्याची आहे. काय परत मिळतं आणि काय कायमचं जातं, एवढं एकदाच नीट सांगाल का?
— आठवणी लिहून काढणारे एक आजोबा

आजोबा, तुमच्या पत्रासाठीच मी हा अंक हातात घेतला असं म्हटलं तरी चालेल.

लेख परत मिळतो. ट्रॅशमध्ये टाकलेला लेख ३० दिवस तिथे राहतो, नंतर आपोआप पुसला जातो. लेखाची जुनी रूपंही मिळतात. तुम्ही जतन करत जाता तसतशा आवृत्त्या साठत जातात आणि उजव्या पट्टीत ‘रिव्हिजन्स’ दिसू लागतं. ते उघडून वरची पट्टी मागे सरकवली की काल काय लिहिलं होतं, आज काय काढलं, ते रंगांत दिसतं. हवं ते रूप परत आणता येतं. आमच्या एका लेखिकेने रागाच्या भरात आठवणीतली तीन पानं काढून टाकली होती आणि दोन महिन्यांनी तिला त्यातला एक परिच्छेद हवा होता. रिव्हिजन्समध्ये तो जसाच्या तसा होता. प्रकाशित लेखात तुम्ही दुरुस्ती करत असताना आपोआप जे जतन होतं ते लोकांना दिसत नाही; वरचं निळं बटण दाबेपर्यंत साइटवर जुनंच रूप असतं. त्यामुळे अर्धवट वाक्य सोडून उठायला हरकत नाही.

साइटचं रूप, म्हणजे थीम, बदललीत तरी लेखांना धक्का लागत नाही. मांडणी इकडची तिकडे होते, मजकूर जागेवर असतो. प्लगिन, म्हणजे साइटला जोडलेली एखादी जादा सोय, ‘डीॲक्टिव्हेट’ केलं तर नंतर पुन्हा चालू करता येतं.

आता जे परत मिळत नाही ते. फोटो. मीडियामध्ये ‘डिलीट पर्मनंटली’ असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. फोटोंना ट्रॅश नाही. हे मी स्वतः शिकले ते फार महागात पडून. दुसऱ्या वर्षी मी मीडिया साफ करायला बसले, एकसारखे दिसणारे फोटो निवडले आणि एका क्लिकमध्ये साठेक फोटो काढून टाकले. त्यातले निम्मे जुन्या लेखांत वापरलेले होते. लेख उघडले तर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. काही फोटो ज्यांनी दिले होते त्यांच्याकडेही उरले नव्हते. एका आजींचा लग्नातला फोटो त्यात होता आणि तो आजही आमच्याकडे नाही. तेव्हापासून मूळ फोटो संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय मी एकही फोटो साइटवर चढवत नाही. तुम्हीही तेच करा. जुने कौटुंबिक फोटो असतील तर नक्कीच. आणखी एक कारण आहे: २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून लांबी किंवा रुंदी २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असेल, तर वर्डप्रेस लेखात फोटोची लहान केलेली प्रत वापरतो. साइटवरून उतरवून घेतलेला फोटो मुळाइतका स्वच्छ असेलच असं नाही.

दुसरी जागा म्हणजे माणसाचं खातं. ‘यूझर्स’मध्ये एखाद्याचं खातं काढताना वर्डप्रेस विचारतो की त्याच्या मजकुराचं काय करायचं: सगळा काढायचा की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचा. घाईत पहिला पर्याय निवडू नका. खरं तर खातं काढूच नका. त्या माणसाची भूमिका ‘सबस्क्रायबर’ केलीत की तो काही बदलू शकत नाही आणि त्याचे लेख त्याच्याच नावाने राहतात.

महिन्याअखेरीस ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट’मध्ये जाऊन सगळं उतरवून घ्यायची सवय लावा. एक फाइल मिळेल. तिच्यात लेख, पेजेस, वर्ग, वाचकांचे अभिप्राय असतात. फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. म्हणून ते वेगळं फोल्डर.

वर्डमधून लेख आणून चिकटवला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. वर्डमध्ये तर छान मराठी दिसतं!
— एक वाचक

तो लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, नाही; जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. डॅशबोर्डमध्ये यावर इलाज नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात. साधा युनिकोड मजकूर आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून चिकटवा, म्हणजे वर्डमधले रंग आणि आकार सोबत येत नाहीत.

दोन महिने झाले, पंधरा लेख झाले. गुगलवर माझ्या साइटचं नाव टाकलं तरी ती सापडत नाही. शिवाय सकाळी लागेल म्हणून वेळ लावून ठेवलेला लेख कित्येक तास उशिरा लागतो.
— भटकंतीवर लिहिणारी एक वाचक

‘सेटिंग्ज’मधलं ‘रीडिंग’ उघडा. अगदी खाली सर्च इंजिनांना दूर ठेवण्यासाठी एक चौकट आहे. साइट उभारताना ती खूण करून ठेवतात, म्हणजे अर्धवट साइट कुणाला सापडू नये. मग काढायची राहते. डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर ‘ॲट अ ग्लान्स’ या चौकटीतही सर्च इंजिनांना मज्जाव केल्याची ओळ तेव्हा दिसत असते, पण ती छोटी आहे. खूण काढा, जतन करा. गुगलला फेरी मारायला काही दिवस लागतात, लगेच निराश होऊ नका. वर्डप्रेस डॉट कॉम या तयार सेवेवर साइट असेल तर ही गोष्ट साइट सार्वजनिक केली आहे की नाही या निवडीत पाहा.

उशिराचं कारण बहुधा टाइमझोन. नवी साइट जागतिक प्रमाणवेळेवर असू शकते आणि तुम्ही आपल्या घड्याळाने वेळ लावता. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये आपल्या घड्याळाशी जुळणारं शहर निवडलंत की प्रश्न मिटेल. तरीही एखाद वेळी उशीर झाला तर हे माहीत असू द्या: वेळ लावलेली कामं वर्डप्रेस कुणीतरी साइट उघडल्यावरच तपासतो. पहाटे साइटवर कुणीच फिरकलं नाही तर लेख थांबून राहतो. ज्या दिवशी लेख वेळेवर जायलाच हवा त्या दिवशी स्वतः एकदा साइट उघडा.

आम्ही सहाजणी मिळून लिहिणार आहोत. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला आहे. चालेल ना?
— एका वाचनगटाच्या संयोजक

नाही चालणार, आणि आजच बदला. एकाच खात्यातून लिहिलं तर कुठला लेख कुणाचा तेही कळत नाही आणि एकीच्या हातून पासवर्ड फुटला तर सगळ्यांचं लेखन उघड्यावर पडतं. ‘यूझर्स’मधून प्रत्येकीचं वेगळं खातं उघडा. भूमिका ठरवताना असं पाहा: ‘काँट्रिब्यूटर’ लिहू शकते पण प्रकाशित करू शकत नाही, आणि तिला फोटोही चढवता येत नाहीत, यावरून गटांत हमखास गैरसमज होतात. ‘ऑथर’ आपले लेख फोटोंसह स्वतः प्रकाशित करते. ‘एडिटर’ सगळ्यांच्या लेखांवर हात फिरवू शकते. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला सगळंच खुलं. तुमच्यापैकी एकजण ॲडमिनिस्ट्रेटर, एक एडिटर, बाकी चौघी ऑथर, अशी मांडणी मी सुचवेन. एकीचा लेख उघडा असताना दुसरीने तो उघडायचा प्रयत्न केला तर वर्डप्रेस तसं सांगतो; अशा वेळी ‘टेक ओव्हर’ दाबण्याआधी तिला फोन करा.

‘अपडेट्स’पुढे लाल गोलात ७ आकडा आहे. दाबू की नको?
— पहिल्या पत्रातल्याच शिक्षिका

दाबा, पण आधी बॅकअप घेतला आहे का ते मुलाला विचारा. २०१३ पासून वर्डप्रेसच्या छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात. उरलेल्या थीम आणि प्लगिनच्या असतात आणि त्या महिनोन्‌महिने टाळणं जास्त धोक्याचं, कारण साइट फोडणारे जुन्या प्लगिनमधल्या फटीच शोधतात. सातही एकदम न करता एकेक करा आणि प्रत्येकानंतर साइट उघडून पाहा. काही बिनसलंच तर कशामुळे ते लगेच कळेल. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून प्लगिनमुळे साइट कोसळली तर ॲडमिनच्या ईमेलवर एक खास दुवा येतो, त्यातून आत जाऊन ते प्लगिन थांबवता येतं. तेव्हा ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये कुणाचा ईमेल आहे तो पाहून घ्या. मुलाचा असेल, तर तो दुवा त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही कोऱ्या पडद्याकडे पाहत बसाल.